भोयरसमोर टाकलेली बाज

चहा जरा निवू द्या. मी जे सांगणार आहे ते ऐकताना घोट घ्याल तर ठसका लागेल, आणि मग आमची ही मलाच बोलेल. मूर्खपणा तर काय, सगळेच करतात हो. पण आपला मूर्खपणा ऐन रंगात आलेला असताना स्वतःचीच पाठ थोपटून घेणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? नसेल तर नीट पाहून घ्या. तो तुमच्यासमोर लुंगी नेसून बसला आहे.

तेव्हा आम्ही सरकारी क्वार्टर्समध्ये राहत होतो. एक लांबलचक लाइन, मधून मुरुमाचा रस्ता, रस्त्याच्या या अंगाला आम्ही आणि बरोबर समोर भोयर. बरं, ऑफिसातही त्याचं टेबल माझ्या टेबलासमोरच. म्हणजे सकाळी दात घासताना भोयर, दिवसभर फायलींच्या वर भोयर, संध्याकाळी पायरीवर बसावं तर पलीकडे पुन्हा भोयर. माणूस वाईट असता तर मी त्याला शिव्या देऊन मोकळा झालो असतो. पण तो चांगला होता. चांगल्या माणसाचा हेवा करणं फार त्रासाचं असतं, कारण कोणाजवळ बोलता येत नाही.

तर झालं असं, की दसरा आटोपला आणि भोयरनं एक दिवस सगळ्या सेक्शनला चहा आणि कचोरी खाऊ घातली. आम्हाला वाटलं, प्रमोशन झालं याचं. माझ्या घशात कचोरी अडकलीच होती, तेवढ्यात तो म्हणाला, "प्रमोशन नाही गा. मी सुटीवर चाललो. साठलेली सारी रजा घेतली. आता संक्रांतीपर्यंत घरी."

"आजारी आहे का तू?"

"नाही."

"मंग पोरीचं लग्न काढलं?"

"पोरगी दुसरीत आहे गा माही."

"मंग काहून घेतली रजा?"

"काहून म्हणजे? बसाले. डोकं थकलं, म्हटलं थोडं बसू."

त्या काळी रजा घ्यायची ती लग्नासाठी, घर बांधायला, नाहीतर कोणी गेलं म्हणून. धडधाकट माणूस नुसता बसायला रजा घेतो, हे आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. बाकीचे हसले. मीही हसलो. मनात म्हटलं, आठ दिवसांत कंटाळून परत येईल.

आला नाही हो.

नागपूरची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी पाण्यात हात घालवत नाही आणि नऊच्या उन्हाला असा काही गोडवा असतो की माणसाला वाटतं, बस्स, इथंच पडून राहावं. मी तेव्हा सायकलच्या कॅरियरला डबा बांधत असायचो. आणि समोर भोयर अंगणात बाज टाकून उन्हात पाय पसरून पडलेला. काटोलकडे त्याच्या भावाचा संत्र्याचा बगीचा, त्यामुळे उशाशी संत्र्याची टोपली. पोटावर ट्रान्झिस्टर. एकेक फोड सोलून तोंडात टाकायचा आणि मी टांग मारली की रोज न चुकता विचारायचा,

"चालला काय गा आफिसात?"

मी काय लग्नाच्या वरातीत चाललो होतो का? पण काय म्हणणार? "हो" म्हणायचो आणि पॅडल मारायचो. त्या संत्र्याचा वास कोपऱ्यापर्यंत माझ्या मागे यायचा.

महिनाभरात त्या माणसाचं रूप पालटलं. गाल भरले. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. पूर्वी आमच्याबरोबर जिना चढताना धापा टाकायचा, तो आता सकाळी तलावापर्यंत चालून यायचा आणि येताना शीळ घालायचा. वांग्याचं भरीत करायला शिकला. बायकोला घेऊन मॅटिनीला गेला, भर बुधवारी. पोरीला पाढे शिकवले, ती आता खिडकीत उभी राहून सतराचा पाढा साऱ्या लाइनीला ऐकवायची. सतराचा मला आजही येत नाही.

घरी आमची सुमन पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "भोयरभाऊजी कसे उजळले नं? काल पाहून ओळखूच नाही आले मले."

"कोणीही उजळेल, दिवसभर उन्हात पडून," मी म्हणायचो.

"उन्हात पडून माणूस काळा होते जी," ती म्हणायची.

आणि ऑफिसात तर कहरच. भोयर होता तेव्हा साहेब त्याला रोज एकदा तरी म्हणायचे, "भोयर, तुम्ही टेबलावर झोपता की काय?" आता तेच साहेब एखादी फाईल हातात घेऊन सुस्कारा टाकायचे, "आज भोयर असते तर..." अहो, मी होतो ना! समोर सदेह बसलो होतो! पण जो खुर्चीवर आहे त्याची किंमत नाही, आणि जो बाजेवर आहे त्याची आठवण. त्याच्या वाटणीच्या निम्म्या फायली माझ्या टेबलावर, आणि कौतुक मात्र त्याचं.

खोटं कशाला बोलू, मी जळत होतो. त्या थंडीत आमच्या घरी शेकोटीची गरज पडली नाही.

शेवटी डिसेंबरात ठरवलं, आपणही रजा घ्यायची. साठलेली भरपूर होती. पण तुम्ही असं समजू नका की मला आराम पाहिजे होता. मला एकच गोष्ट पाहिजे होती. मी बाजेवर पडलेला आहे आणि भोयर माझ्याकडे पाहून जळतो आहे, एवढं एकदा या डोळ्यांनी पाहायचं होतं.

अडचण एकच. लोक म्हणणार, वसंता ढोबळेनं भोयरची नक्कल केली. ते मला सहन होणार नव्हतं. म्हणून मी चहा-कचोरीच्या भानगडीत पडलोच नाही. सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेलो, दार लावून घेतलं, हळू आवाजात बोललो. साहेब कुरकुरले, पण दोन महिने मंजूर केले. सेक्शनात कोणालाही न सांगता टेबल आवरलं आणि मान खाली घालून बाहेर पडलो. घरी सुमनला शपथ घातली, "कोणाला एक अक्षर सांगायचं नाही. कोणी विचारलं तर 'काही नाही' म्हणायचं."

"अजी, पण रजाच आहे नं? चोरी केली का आपण?"

"तू शपथ घे."

तिनं घेतली बिचारीनं.

दुसऱ्या दिवशी आमची बाज काढली आणि भोयरच्या बाजेच्या बरोबर समोर टाकली. लुंगी, बनियन, वर शाल. ऑफिसची वेळ टळून गेली तरी मी आपला पडलेला. भोयर आधी माझ्या उभ्या सायकलीकडे पाहत होता, मग माझ्याकडे. फोड हातातच राहिली.

"काय गा वसंता, आज आफिस नाही?"

"नाही," मी आभाळाकडे पाहत म्हणालो.

"उद्या?"

"उद्याही नाही."

"मंग कधी?"

"पाहू," मी म्हणालो आणि कूस बदलली.

चोरून पाहिलं तर भोयरचा चेहरा उतरला होता. असा उतरला, की मला वाटलं आता रडतो. मी शालीत तोंड घालून हसलो. जळला! पहिल्याच दिवशी जळला! थोड्या वेळानं तो उठला, ओंजळभर संत्री घेऊन रस्ता ओलांडून आला, माझ्या उशाशी ठेवली आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "खाय. इचार नको करू." मी म्हटलं, वा, बरोबरीचा झालो तर आता दोस्ती करायला आला.

त्याच संध्याकाळी दोन घरं सोडून राहणाऱ्या गोतमारेबाई आल्या. हातात झाकलेलं ताट. "पाटवडी केली होती, घे वं सुमन," असं म्हणाल्या आणि थांबल्याही नाहीत. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या घरून भरीत-भाकरी. मग सांबारवडी. मग शेवयाची खीर. सगळी ताटं झाकलेली, आणणाऱ्या बायका काही न विचारता परत जाणाऱ्या.

आता आमच्या लाइनीत अशी झाकलेली ताटं कधी जायची? ज्या घरात काही वाईट झालं, त्या घरी. तशी रीतच होती. विचारपूस करून माणसाला ओशाळं करायचं नाही, गुपचूप जेवण पोचवायचं. पण आमच्या घरी तर सगळे ठणठणीत होते. तेव्हा माझ्या डोक्यात दुसराच प्रकाश पडला. मी सुमनला म्हटलं, "पाहिलंस? भोयर दोन महिने पडून आहे, त्याला कोणी एक वडी तरी पाठवली का? आपल्याला लोक किती मानतात, ते आता कळलं."

"अजी, मले काही बरं वाटून नाही राहिलं. हे लोक काहून देऊन राहिले?"

"प्रेमानं."

"एवढं प्रेम होतं तं मांगच्या वर्षी कुठी गेलं होतं? सांगून देऊ का मी, रजेवर आहे म्हणून?"

"खबरदार," मी म्हटलं आणि खीर आणखी वाढून घेतली.

मग पुरुषमंडळी यायला लागली. गोतमारे दुसऱ्या ऑफिसात होते, वयानं वडील, रविवारी भजनात पेटी वाजवायचे. ते एका सकाळी माझ्या बाजेच्या पायथ्याशी येऊन बसले आणि माझ्या पायांवरची शाल सारखी केली. मग म्हणाले,

"पाय गा वसंता, साहेब लोक काय, येते अन् जाते."

"खरं आहे," मी म्हटलं.

"तू मन लहान नको करू."

"छे हो, गोतमारेजी, माझं मन इतकं मोठं कधीच नव्हतं. मी तर म्हणतो, प्रत्येकानं आयुष्यात एकदा असं घरी बसून पाहावं. डोकं एकदम हलकं होतं."

गोतमारेंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा हात हातात घेऊन ते म्हणाले, "लय हिंमत लागते बापा, असं बोलाले."

मला वाटलं, यालाही हेवा वाटतो आहे. एकूण काय, सारी लाइनच माझ्यावर जळते आहे! मी आणखी पसरलो.

आणि मग तो दिवस आला. सकाळी उठून बाहेर पाहतो तर भोयरची बाज गायब. ट्रान्झिस्टर बंद. संत्र्याची टोपली आत. भोयर चक्क घरात जाऊन बसला होता. मी अंगणात आलो की तो खिडकीतून पाहायचा आणि मान फिरवायचा. त्याला माझं सुख पाहवत नव्हतं! अहो, एवढा गोड दिवस माझ्या लग्नातही नव्हता. उन्हाचा सगळा पट्टा माझा एकट्याचा.

पुढच्या आठवड्यात कुहीहून सासरे आले. न कळवता, बसच्या टपावर नव्या तांदळाचं पोतं टाकून. सुमन तेव्हा इतवारीत भांडी बदलायला गेली होती. सासऱ्यांनी पोतं ओसरीवर ठेवलं, पाणी प्यायले आणि पागोट्याच्या शेवाशी चाळा करत म्हणाले,

"जवाईबापू, धानाच्या कामाले माणूस लागतेच. तुमी अन् सुमन तिकडंच या. आपल्या घरी लाज कायची?"

मला वाटलं, थंडीत हुरडा खायला बोलावताहेत. मी हसत म्हटलं, "येऊ की! आता काय, मोकळाच आहे मी. कायमचा म्हणा ना!"

सासऱ्यांनी तोंडाला पंचा लावला, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि परतीची बस चुकेल म्हणून लगबगीनं निघून गेले. सुमन आली तर ओसरीवर पोतं. "बाबा काहून आले होते?" म्हणाली. "तांदूळ द्यायला," मी म्हटलं. ती पोत्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहत राहिली. पोत्याकडे जरा मायेनं पाहत होती.

त्याच दुपारी गल्लीच्या टोकाकडून पाच-सहा माणसं येताना दिसली. सगळ्यांच्या अंगात कोट, कपाळाला गंध. पुढे भोयर, त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा. मागे गोतमारे. भोयर धावत आला, मला बाजेवरून उठवलं आणि घट्ट मिठी मारली.

"घेतलं गा! परत घेतलं तुले!"

"कुठे घेतलं?"

"नोकरीवर! उद्यापासून हजर हो म्हणते साहेब!"

"अरे, पण मी तर रजेवर होतो!"

सगळे एकमेकांकडे पाहून मायेनं हसले. गोतमारे म्हणाले, "हो, हो. रजेवरच होता. आता पेढा खाय."

"अहो, खरंच रजेवर होतो! सुमन, सांग यांना!"

सुमन दारात उभी. "शपथ मोडू का जी?" म्हणाली. तोवर इकडे कोणाला काही ऐकायचंच नव्हतं.

मग भोयरनं सगळं सांगितलं. मला पहिल्या दिवशी बाजेवर पाहिलं तेव्हाच काहीतरी बिघडल्याचं त्यानं ओळखलं होतं. त्याच दुपारी त्यानं सेक्शनात जाऊन चौकशी केली, तर लोक म्हणाले, साहेबांनी केबिनमध्ये घेतला, दार लावलं, बाहेर आला तो मान खाली घालून, टेबल आवरलं, कोणाशी बोलला नाही. इकडे नळावर बायकांनी सुमनला विचारलं तर ती खाली पाहून म्हणाली, काही नाही. मग शंका कशाला राहते? सरकारी क्वार्टरमधला माणूस न सांगतासवरता घरी बसला, म्हणजे सस्पेंड. लहान पोरालाही कळतं, बातमी कुहीपर्यंतही गेली होती. मलाच तेवढं कळलं नव्हतं.

"म्हून मी बाज आत नेली," भोयर म्हणाला. "तू असा दुःखात, अन् मी समोर संत्री खाऊन राहिलो, बरं दिसते का?"

मी मटकन बाजेवर बसलो. म्हणजे त्या उतरलेल्या चेहऱ्यात हेवा नव्हताच. कीव होती! आणि तीच चाखत मी इतके दिवस उन्हात लोळत होतो.

"आम्ही साऱ्यांनी हात जोडले, तं साहेब," भोयर पुढे सांगत होता. "आमच्याकडं नुसते पाहून राहिले. मंग चष्मा काढला, पुसला, अन् म्हणे, टेबलं तं दोन रिकामी आहे. तवा मीच म्हटलं, साहेब, मी संक्रांतीले येणार होतो, पण माही रजा वाढवा. माह्याही टेबलाचं काम वसंताले द्या. दोन माणसांचं काम करून दाखवते तो, मंग कोणाची हिंमत आहे त्याले काढाची? साहेब लगेच हो म्हणाले." तो माझ्याजवळ बाजेवर बसला. "अर्ध्या पगारावर बसतो गा मी पावसाळ्यापर्यंत. तुह्यासाठी एवढं तं करूच शकतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. भोयरवहिनी पलीकडे पदर डोळ्यांना लावून उभ्या. मी तोंड उघडलं, तर गोतमारेंनी त्यात पेढा घातला.

दुसऱ्या दिवशी तावातावानं साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. माझी रजा तुम्हीच मंजूर केलीत, असं काहीबाही बोललो. साहेब शांतपणे ऐकत होते.

"ढोबळे, मला सगळं आठवतं. पण सहा सज्जन हात जोडून उभे होते हो. एक तर पेटी वाजवणारे, त्यांना हुंदका आवरेना. त्यांना नाही कसं म्हणू? तुमची रजा शिल्लक राहील, काळजी नको." मग मिशीत हसले. "आणि हवं तर जाऊन सांगा लाइनीत, की तुमच्यावर काही संकट नव्हतं, तुम्ही त्यांची पाटवडी फुकट खात होता."

साहेबांना पाटवडीचं कसं कळलं, ते मी विचारलं नाही. दोन्ही टेबलांच्या फायली घेऊन बसलो.

संक्रांतीला लाइनीनं तिळगुळाचा कार्यक्रम केला. भोयरला शाल द्यायची ठरली, शेजारधर्माबद्दल. आणि ती कोणाच्या हातून? माझ्या. वर दोन शब्दही बोलायला लावले. मी काय बोललो ते आता आठवत नाही, पण टाळ्या फार झाल्या. सुमन बायकांत बसली होती. तिनंही वाजवल्या, आणि माझ्याकडे पाहून अशी हसत होती की त्यापेक्षा तिनं दोन शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

आता थंडी गेली, म्हणून सुटलो असं समजू नका. पुढे मे महिना होता. नागपूरचा मे. डोक्याला शेला गुंडाळायचा, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायचा, उन्हानं डबा आंबतो म्हणून जेवायला घरी यायचं आणि पुन्हा त्याच तापल्या रस्त्यावर सायकल काढायची. समोर भोयरच्या दाराला वाळ्याच्या ताट्या बांधलेल्या, त्यांवर नुकतंच पाणी मारलेलं, आणि तो थंडगार वास थेट माझ्या नाकात. मी टांग मारली की ताटीमागून झोपाळलेला आवाज यायचा,

"चालला काय गा आफिसात?"

"हो."

"जाय बापा. माही काळजी नको करू. पडून आहो मी इथं, तुह्यासाठी."

आणि मी सायकल थांबवायचो, घाम पुसायचो, आणि आजूबाजूच्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचो, "उपकार आहेत बाबा तुझे."